सॉलिडवर्क्सचं ‘मास प्रॉपर्टीज’: बेरीज चोख, पण घनता तुमची

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंगवरचं वजन शोभेसाठी लिहिलेलं नसतं. कोटेशन किलोवर जातं, पत्रा किलोवर येतो, हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) किती टनाची बोलवायची तेही त्याच आकड्यावर ठरतं. शेवटी गाडी वजनकाट्यावर चढली की पावती सगळ्यांच्या हातात असते. पावती आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची माहितीची चौकट) यांत दोन-तीन टक्के फरक असला तर कुणी तोंड उघडत नाही. पंधरा टक्के निघाला की ‘सॉफ्टवेअर चुकतंय’ हे ठरलेलं वाक्य येतं.

सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. घनफळ काढणं आणि त्याला घनतेनं गुणणं हे काम सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर चोख करतं. घोळ होतो तो कुठली घनता धरली, काय मोजलं आणि काय वगळलं यात. आणि यातल्या बहुतेक बाबतींत ते तोंडातून अवाक्षर काढत नाही. या रिव्ह्यूत गुण कापले आहेत ते त्यासाठी.

उदाहरणाला हळद शिजवायचा कुकर घेऊ. सांगली भागात तो बनवणारे आणि वापरणारे भरपूर, आणि असेंब्लीही (सगळे पार्ट जोडून झालेलं मॉडेल) नमुनेदार: एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) ड्रम, चौकोनी पाइपची चौकट, जाळीचा तळ, विकत आणलेले व्हॉल्व्ह आणि चाकं, खाली पाण्याची टाकी. वजन चुकायच्या जवळपास सगळ्या वाटा यात सापडतात.

वजन दाखवणारी ‘मास प्रॉपर्टीज’ कमांड इव्हॅल्युएट टॅबवर आहे. उघडण्याआधी एस्केप दाबा. एखादा पार्ट सिलेक्ट राहिला असेल तर खिडकीत तेवढ्याचंच वजन येतं आणि घाईत तेच पूर्ण असेंब्लीचं म्हणून उतरवलं जातं. बावळट चूक वाटते, पण होते.

घनता: मूळ दुखणं

पार्टला मटेरियल दिलं नसेल आणि टेम्प्लेट (नवी फाइल ज्या कोऱ्या नमुन्यावरून सुरू होते तो) मूळचंच असेल, तर सॉलिडवर्क्स घनता १००० किलो प्रति घनमीटर धरतं. म्हणजे पाण्याची. आठशे मिमी आतला व्यास, नऊशे उंची, तीन मिमी पत्रा असा एसएसचा ड्रम घेतला तर त्याच्या नुसत्या शेलचं वजन ८००० घनतेनं ५४.५ किलो येतं. मटेरियल विसरलं तर तेच ६.८ किलो. एक ड्रम असा सुटला तर लक्षात येईल, पण लहान पार्ट सुटले की येत नाही. १६ एमएमचा ६० लांबीचा बोल्ट, नट आणि वॉशर मिळून साधारण १७० ग्रॅम धरा. असे दोनशे सेट म्हणजे ३४ किलो. पाण्याच्या घनतेनं ते सव्वाचार किलोच्या आसपास दिसतात. तीस किलो गेले आणि स्क्रीनवर एकही पिवळा त्रिकोण नाही. लायब्ररीतून ओढलेले बोल्ट असोत की दुसऱ्याकडून आलेले, एक उघडून त्याचं मटेरियल बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

इथं नव्या मुलांचा आणखी एक गोंधळ होतो. पार्टला अपिअरन्समधून स्टीलचा रंग दिला म्हणजे मटेरियल लागलं असं त्यांना वाटतं. अपिअरन्स हा रंग आहे, त्याला वजन नाही. फीचर ट्रीमध्ये ‘मटेरियल’ या ओळीपुढे नाव आलं पाहिजे. आरशातून काढलेल्या आणि दुसऱ्या पार्टवरून बनवलेल्या पार्टमध्ये हे नाव आलं आहे का, ते प्रत्येक वेळी उघडून बघावं. मटेरियल कॉन्फिगरेशनप्रमाणे (एकाच फाइलमधल्या वेगवेगळ्या रूपांप्रमाणे) वेगळं असू शकतं, त्यामुळे तीन ड्रमच्या आणि चार ड्रमच्या मॉडेलमध्ये एकच पार्ट दोन वजनं दाखवू शकतो.

मटेरियल दिलं तरी कुठलं दिलं हा प्रश्न राहतोच. सॉलिडवर्क्सच्या लायब्ररीत ‘प्लेन कार्बन स्टील’ ७८०० आहे, ‘एएसटीएम ए३६’ ७८५० आणि ‘एआयएसआय १०२०’ ७९००. तिघांनाही आपल्याकडे ‘एमएस’ (माइल्ड स्टील) म्हणूनच निवडलं जातं. टोकाच्या दोघांत सव्वा टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे दहा टनांच्या जॉबवर जवळपास १३० किलो. एसएस ३०४ लायब्ररीत ८००० आहे, बाजारात हिशोब सर्रास ७.९३ ने होतो. ग्रे कास्ट आयर्न ७२०० ठीक आहे, पण ‘अलॉय स्टील’ ७७०० आहे हे पुष्कळांना माहीत नसतं.

उपाय एकदाच करायचा आहे. मूळ लायब्ररी बदलता येत नाही, म्हणून हवी ती मटेरियल ‘कस्टम मटेरियल्स’मध्ये कॉपी करा, ७८५० आणि ७९३० अशी आपली घनता टाका, आणि ती फाइल सगळ्यांच्या संगणकांना दिसेल अशा फोल्डरमध्ये ठेवून ऑप्शन्सच्या फाइल लोकेशन्समध्ये तिचा पत्ता द्या. लायब्ररीत आकडा बदलला म्हणून जुने पार्ट आपोआप सुधारले असं मात्र धरू नका. मटेरियल पुन्हा लावा आणि कंट्रोल-क्यूनं रीबिल्ड करा.

टेम्प्लेटबद्दल दोन मतं आहेत. काही जण पार्ट टेम्प्लेटमध्येच एमएस लावून ठेवतात. मग विसरलं तरी स्टीलचंच वजन येतं, पण रबरी पॅड आणि नायलॉनचे बुशही स्टीलचे होऊन बसतात. दुसरी पद्धत जास्त पटते: मटेरियल न देता डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये घनता ७८,५०० टाकून टेम्प्लेट सेव्ह करायचं. विसरलेला पार्ट दहापट जड होतो आणि तीन टनांचा कुकर अकरा टन दिसायला लागतो. १००० ची खोड हीच आहे की चुकीचं वजनही पटण्याजोगं दिसतं.

एका भागाकारात निदान

पार्टच्या खिडकीत घनता दिसते, असेंब्लीच्या खिडकीत ती ओळ नसते. पण मास आणि व्हॉल्यूम दोन्ही असतात. भागा एकमेकांना. सगळी असेंब्ली पोलादी असेल तर उत्तर लिटरला ७.८५ किलोच्या जवळ यायलाच हवं.

समजा घनफळ २६० लिटर आहे आणि वजन १७९४ किलो दिसतंय. भागाकार ६.९ येतो. ७.८५ मधून ६.९ वजा केले की ०.९५. याला ६.८५ ने भागा, कारण पोलाद आणि पाणी यांच्या घनतेतला फरक तेवढा. येतात १३.९ टक्के, म्हणजे सुमारे ३६ लिटर माल मटेरियलविना पडून आहे आणि वजनात साधारण २४७ किलो कमी आहेत. आता शोध कुठल्या आकाराच्या गोष्टीचा घ्यायचा ते कळलं. ३६ लिटर म्हणजे बोल्ट नव्हेत, एखादी जाड बेस प्लेट किंवा आख्खी सब-असेंब्ली असणार.

नेमका पार्ट शोधायला असेंब्ली व्हिज्युअलायझेशन वापरा. हेही इव्हॅल्युएटमध्येच आहे. कॉलममध्ये मास आणि डेन्सिटी घ्या, डेन्सिटीवर चढत्या क्रमानं लावा. १००० वाले सगळे एका ठिकाणी गोळा होतात. या एका सोयीसाठी सॉलिडवर्क्सला पूर्ण गुण द्यावे लागतात. मात्र ही सोय आणि मास प्रॉपर्टीजची खिडकी एकमेकींशी बोलत नाहीत, हे न कळण्यासारखं आहे.

कोण मोजलं, कोण सुटलं

सप्रेस केलेला (तात्पुरता बंद ठेवलेला) पार्ट मोजला जात नाही. एन्व्हलप म्हणून टाकलेला पार्ट मोजला जात नाही, त्यामुळे ट्रॅक्टरचा हूक संदर्भासाठी आणला असेल तर तो एन्व्हलपच ठेवावा. नुसता लपवलेला पार्ट मोजायचा की नाही हे खिडकीतल्या हिडन कम्पोनंट्सच्या टिकेवर आहे. दोन माणसांच्या संगणकांवर एकाच फाइलची दोन वजनं आली तर आधी ही टिक बघा.

बाहेरून आलेल्या स्टेप फाइलमध्ये सहसा भूमिती येते, मटेरियल नाही. फाइल सॉलिड न होता सरफेस (नुसता जाडी नसलेला पृष्ठभाग) म्हणून आली तर घनफळच शून्य, दिसायला मात्र पार्ट शाबूत. इंचाची फाइल मिमी समजून उघडली किंवा उलटं झालं तर वजन १६,३८७ पट इकडे-तिकडे होतं, ते मात्र कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

मोजणी दुप्पट होण्याचे प्रकार जास्त फसवे. सॉलिडवर्क्स प्रत्येक पार्टचं वजन वेगळं काढून बेरीज करतं, दोन पार्ट एकमेकांत घुसलेत का ते बघत नाही. साठ मिमीचा शाफ्ट १२० मिमी लांब हबमधून जातोय आणि हबला भोकच पाडलेलं नाही, तर तेवढा २.६६ किलोचा गाभा दोनदा मोजला जातो. कॉपी-पेस्ट करताना एक ब्रॅकेट दुसऱ्यावर नेमकं बसलं तर डोळ्यांना एकच दिसतं. मल्टिबॉडी पार्टमध्ये (एकाच पार्टात अनेक सुटे सॉलिड) ‘मर्ज रिझल्ट’ची टिक निघालेली असली की हेच पार्टच्या आत घडतं. इंटरफिअरन्स डिटेक्शन चालवा. ते प्रत्येक घुसखोरीचं घनफळही दाखवतं. आट्यांच्या भोकातले बोल्ट त्यात येणारच, ते सोडून द्या.

विकतचा माल आणि ओव्हरराइड

गिअरबॉक्सचं मॉडेल कंपनीच्या साइटवरून घेतलं की ते एक तर आतून भरीव असतं किंवा नुसतं टरफल. ३०० बाय २५० बाय ३५० चा भरीव ठोकळा पोलादाचा धरला तर २०६ किलो होतो. कुठलाही त्या आकाराचा गिअरबॉक्स आतून असा गच्च नसतो. बेअरिंगचंही तेच: ६३०८ नंबरचं बेअरिंग साध्या कड्यासारखं काढलं तर ०.९२ किलो, कॅटलॉगात सुमारे ०.६३.

अशा पार्टना ‘ओव्हरराइड मास प्रॉपर्टीज’मधून कॅटलॉगचं वजन द्यावं. गुरुत्वमध्यही दिलेला असेल तर तोही टाकावा, कारण मोटरचं टर्मिनल बॉक्स एका बाजूला असतं आणि टरफलाचा मध्य खरा नसतो. ओव्हरराइड केलेले पार्ट खिडकीत नावानिशी येतात, हे सॉलिडवर्क्सनं चांगलं केलंय.

पण ओव्हरराइड पार्टवरच करावा. सब-असेंब्लीवर केला की आत दोन प्लेट वाढवा नाहीतर अख्खा ड्रम काढा, आकडा जागचा हलत नाही. वजन काही केल्या बदलेना, अशी तक्रार आली की निम्म्या वेळा वरच्या पातळीवर कुणीतरी कधीतरी ठोकून दिलेला ओव्हरराइड सापडतो.

मॉडेल हलकं करण्याच्या नादात

कुकरच्या ड्रममधला जाळीचा तळ घ्या. तीन मिमीची भोकं, पाच मिमी अंतर, त्रिकोणी मांडणी. हजारो भोकं काढली की फाइल रांगायला लागते, म्हणून पत्रा भरीव ठेवून वर जाळीचं चित्र चिकटवतात. हे करायला हरकत नाही, फक्त वजनाचं भान हवं. या मांडणीत मोकळी जागा ३२.६ टक्के असते. आठशे व्यासाचा तीन मिमी एसएस तळ भरीव १२ किलोचा, जाळीचा ८.१ किलोचा. अशा पार्टला वेगळं मटेरियल बनवून मूळ घनतेच्या ०.६७४ पट घनता देणं हा ओव्हरराइडपेक्षा बरा मार्ग, कारण व्यास बदलला तरी वजन बरोबर येत राहतं. हळद पॉलिशच्या ड्रमला तर अख्खी बाजूच जाळीची असते, तिथं हा फरक आणखी मोठा.

उलट्या दिशेनं फसवतो तो चौकोनी पाइप. ५० बाय ५० बाय ३ चा पाइप धारदार कोपऱ्यांनी काढला तर मीटरला ४.४३ किलो येतो. खऱ्या पाइपचे कोपरे गोल असतात. बाहेर सहा आणि आत तीन मिमी त्रिज्या दिली की ४.२५ होतो. साठ मीटर पाइपच्या चौकटीत ११ किलोंचा फरक. वेल्डमेंट प्रोफाइल (पाइप-अँगलचा छेद) स्वतः काढणाऱ्यांनी एकदा स्टील टेबलशी ताडून बघावं. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो यायला हवा, तुमचा ४.४३ दाखवत असेल तर आतल्या कोपऱ्याची गोलाई राहिली आहे.

एककं आणि बीओएम

हा भाग सॉलिडवर्क्सचा सगळ्यात कच्चा. पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीत मासची लिंक घातली की ती त्या पार्टच्या स्वतःच्या एककात उतरते. एक पार्ट ग्रॅमच्या टेम्प्लेटवर, दुसरा किलोच्या, तर बीओएमच्या (ड्रॉइंगवरची पार्टची यादी) एका ओळीत १२५०.०० आणि पुढच्या ओळीत १.२५. एक्सेलमध्ये नेऊन बेरीज केली की पुढचं सांगायला नको. शिवाय तो कॉलम एका नगाचं वजन दाखवतो. नगाशी गुणायला वेगळा इक्वेशन कॉलम घ्यावा लागतो, आणि तो नसताना केलेली बेरीज नेहमी कमी भरते. सगळे टेम्प्लेट किलोवर आणा, तीन दशांश ठेवा. सेव्ह करताना मास अपडेट करायचा पर्याय ऑप्शन्समध्ये आहे, तो चालू ठेवा, नाहीतर टायटल ब्लॉकवर मागच्या बदलाचं वजन छापून जाईल.

बीओएमचं वजन हे तयार मालाचं असतं, खरेदीचं नव्हे, हेही कोटेशन काढणाऱ्याला सांगून ठेवायला हवं. तोच आठशेचा गोल तळ ८१० च्या चौकोनातून कापला तर भरीव पत्रा लागतो १५.७ किलो. मधला पावणेचार किलो माल भंगारात जातो आणि तो मॉडेलला माहीत नसतो.

गुरुत्वमध्य

ट्रॅक्टरमागे ओढायच्या कुकरला हा आकडा वजनाइतकाच महत्त्वाचा, कारण ड्रम उंचावर असतात. एक्सलच्या मध्यावर एक कोऑर्डिनेट सिस्टिम बनवा आणि खिडकीत वरच्या यादीतून तीच निवडा. मूळ ओरिजिनवरचे आकडे घेतले तर ते पहिला पार्ट जिथं ठेवला गेला तिथून मोजलेले असतात आणि साइटवर कुणाच्या कामाचे नसतात. जडत्वाचे तीन संच छापले जातात. फिरणाऱ्या ड्रमसाठी मोटर काढताना कुठला संच कुठल्या अक्षाचा ते वाचूनच घ्या. ग्रॅम-मिमी वर्गाचं किलो-मीटर वर्गात आणायला १०० कोटींनी भागायचं असतं, शून्यं मोजून.

मॉडेलमध्ये नसणाऱ्या गोष्टी वेगळ्या कागदावर मिळवा. वरवर काढलेल्या कॉस्मेटिक वेल्डला वजन नसतं. सहा मिमी लेगचा फिलेट वेल्ड मीटरला सुमारे १४० ग्रॅम. पाच मिमीहून जाड मालावर गॅल्व्हनायझिंग ६१० ग्रॅम प्रति चौरस मीटर धरलं तर २० चौरस मीटरला १२ किलो. खिडकीत सरफेस एरिया असतोच, तो इथं वापरा, पण एकमेकांना चिकटलेले पृष्ठभागही त्यात धरलेले असतात. पाण्याची टाकी भरल्यावर लिटरला किलो. क्रेनवाल्याला कोरडं वजन सांगा, एक्सलवाल्याला भरलेलं.

बाकीचे

इन्व्हेंटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्येही ‘जेनेरिक’ मटेरियलची घनता १ ग्रॅम प्रति घनसेंमी आहे, म्हणजे रोग तोच. पण आयप्रॉपर्टीजच्या फिजिकल टॅबवर अपडेट दाबेपर्यंत वजनाच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असंच दिसतं, शिळा आकडा पुढे करत नाही. कॉस्मेटिक वेल्ड धरायचे का आणि बीओएममध्ये हातानं बदललेले नग धरायचे का, अशा दोन टिकाही तिथंच आहेत. बीओएममध्ये ‘रेफरन्स’ केलेला पार्ट वजनातून जातो; यादी लहान करायला कुणी फाउंडेशन फ्रेम रेफरन्स केली तर ती वजनातूनही गेली. वजनाच्या बाबतीत इन्व्हेंटर जरा जास्त प्रामाणिक, चूक हुडकायला सॉलिडवर्क्स जास्त हाताशी.

ऑटोकॅडच्या थ्रीडी सॉलिडवर मासप्रॉप कमांड दिली तर मास आणि व्हॉल्यूम एकच आकडा येतो, कारण घनता १ धरलेली असते. त्याला वजन म्हणूच नका. मिमीमध्ये काढलं असेल तर पोलादाच्या किलोसाठी घनफळाला ०.०००००७८५ नं गुणा. शून्यांचा हा घोळ टाळायचा तर सरळ दहा लाखांनी भागून ७.८५ नं गुणावं.

फ्रीकॅड फुकट आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत असेंब्लीचं वर्कबेंचही मिळालं. पायथन कन्सोलमध्ये शेपचं घनफळ घनमिमीमध्ये मिळतं, गुणाकार आपण करायचा. घनफळ उणे आलं तर आयात केलेला सॉलिड आतून बाहेर उलटलेला आहे, आधी तो दुरुस्त करा. लहान शॉपला चौकट आणि पत्र्याच्या कामापुरतं हे पुरतं. विकतचे पार्ट, दोनशे ओळींची बीओएम आणि दर आठवड्याला बदल असं काम असेल तर सॉलिडवर्क्सचे पैसे असेंब्ली व्हिज्युअलायझेशनमध्येच वसूल होतात.

गुण: आकडेमोडीला पाचपैकी पाच, चूक शोधायच्या सोयीला चार, न सांगता पाणी धरण्याच्या सवयीला एक. काट्याशी ताडताना एवढंच बघा की त्या काट्याचा टप्पा किती आहे. मोठ्या गाड्यांचे काटे अनेकदा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यानं मोजतात, त्यामुळे ८० किलोंचा एकटा ड्रम तिथं तपासायला नेऊ नका. त्याला शॉपमधला प्लॅटफॉर्म काटा बरा.